घरचं गरम पाणी

९ फेब्रुवारी

दादा,

मी चार दिवस झोपले नाहीये. तुला वाटेल बाळी रडते म्हणून. नाही रे, बाळी आपली मस्त पाय ताणून झोपते. मीच झोपत नाही, कारण ह्यांच्या पायावर माझ्या हातून उकळतं पाणी सांडलं. आंघोळीचं. पातेलं उतरवताना फडकं निसटलं आणि सगळं पाणी डाव्या पायावर. घोट्यापासून खाली पार सालपट निघालंय. मोजा काढायला गेले तर मोज्याबरोबर कातडी आली हातात. मी किंचाळले. ह्यांनी माझ्या तोंडावर हात दाबला, म्हणाले, शेजारी ऐकतील.

डोळे मिटले की तो मोजा दिसतो. म्हणून मी मिटतच नाही.

तू म्हणशील रजा टाकायची. ह्यांनी नाही टाकली. दुसऱ्या दिवशी पायाला पिशवी गुंडाळली, वरून बूट चढवला आणि गेले भट्टीवर. बूट घालताना भिंतीला धरून उभे होते, घामानं सदरा भिजला. मी म्हटलं, अहो, आज राहू दे. तर म्हणाले, बोर्ड बघितलास का गेटवरचा? एकशे एकोणतीस झालेत.

मिस्त्री येऊन गेले घरी. तेच रे, ह्यांच्या टोळीचे मुख्य, पांढऱ्या मिशांचे. सफरचंदं घेऊन आले. पायाकडे बघितलं नाही. माझ्याकडेच बघत होते आणि म्हणाले, "सूनबाई, जपून हां. पाणी फार वाईट." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे टोळीतले दोघं उभे होते, त्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं हसतायत.

बाळीला आता रांगता येतं. त्या पायाकडेच जाते, पट्टी ओढायला. दिवसभर तिला उचलून उचलून माझी कंबर गेली.

हे म्हणाले, दादाला लिही सगळं, उगीच दुसऱ्याकडून कळायला नको. म्हणून लिहिते. रागावू नकोस.

तुझी
चिमणी


१३ फेब्रुवारी

चिमणे,

रागावू कशाला? तुझ्या हातांची कीर्ती मला नवीन आहे का? सहा वर्षांची असताना शाईची बाटली माझ्या परीक्षेच्या वहीवर कोणी पालथी घातली होती? मास्तरांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, धाकटी बहीण. ते म्हणाले, मग ठीक आहे. जावईबापूंना म्हणावं, बायको करताना मला विचारलं असतंत तर सावध केलं असतं.

चेष्टा सोड. पाय थंड पाण्यात धरायचा, हळद-तेल काही लावायचं नाही, आणि दवाखान्यात दाखवायचं. लगेच.

बोर्डाचं काय ते तुला नीट सांगतो, कारण तुझ्या घरातल्या माणसाचा त्यात मोठा वाटा आहे. इथे मुख्य ऑफिसात मी दोन वर्षं एकच रड लावली होती, की भट्टीसमोर माणूस आठ आठ तास उभा ठेवू नका. अर्धा तास काम, मग दहा मिनिटं गार खोलीत. थंड पाणी. पंखे. चांगले बूट. मोठे साहेब म्हणायचे, "खर्च कळला. फायदा काय ते दाखवा." शेवटी तुमच्या एका भट्टीवर करून बघायचं ठरलं, एक ऑक्टोबरपासून. एकशे ऐंशी दिवस एकही अपघात नाही झाला तर पाचही भट्ट्यांवर गार खोल्या. एक जरी झाला तर आकडा शून्यावर, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. साहेबांचे शब्द.

पूर्वी तिथे महिन्याला दोन-तीन माणसं भाजायची. आता एकशे छत्तीस दिवस कोणी नाही. मला स्वतःला खरं वाटत नाही.

तुला एक काम देतो. आकडे माझ्याकडे आहेत, पण घरात काय फरक पडला ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. तू सांग. जसं आहे तसं. तुझे शब्द अहवालात घालीन.

बाळीला मामाचा पापा.

तुझा
दादा


१८ फेब्रुवारी

दादा,

माझे शब्द अहवालात? मी सहावीत शाळा सोडलेली बाई. वाचून साहेब खुर्चीतून पडतील. पण तू विचारलंस म्हणून सांगते.

आधी कसं होतं ते तुला ठाऊक नाही, मी कधी लिहिलं नाही. हे घरी यायचे आणि आधी नळाखाली बसायचे, कपड्यांसकट. अर्धा तास. मी बोलायला गेले तर हात वर करायचे, की थांब. डोळे लालबुंद. बाळी त्यांना बघून रडायची, बाप आहे हे तिला कळायचं नाही. पोटऱ्यांना गोळे यायचे, मग मी पायावर उभी राहून ते मोडायची. एकदा जेवता जेवता ताटात हात तसाच ठेवून झोपले. मी बोटं पुसली, तरी उठले नाहीत. आणि चिडचिड तर विचारू नकोस. भांडं वाजलं तरी खेकसायचे. मला वाटायचं, ह्यांना मी आवडत नाही.

थंडी पडल्यापासून फरक पडला. आधी वाटलं थंडीनं असेल. मग हे सांगायला लागले गार खोलीबद्दल. भिंती निळ्या आहेत म्हणे. बाकं आहेत. पाणी इतकं गार की दात शिवशिवतात. पहिल्या दिवशी मिस्त्री आत गेले, तीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस, आणि त्यांनी भिंतीला गाल लावला. तसेच उभे राहिले दहा मिनिटं.

आता घरी येतात ते माणसासारखे. जेवतात. कागदाची होडी करून देतात, बाळी ती खाते. परवा गुणगुणत होते. मी म्हटलं, अगंबाई, तुम्हाला गाणं येतं? तर म्हणाले, येत होतं, मध्ये विसरलो होतो.

हा फायदा लिहिता येत असेल तर लिही.

पायाचं म्हणशील तर बरा आहे. थोडा वास येतो. पण ते घरातलं आहे, ते तुझ्या अहवालात नको.

बोर्ड एकशे एक्केचाळीस.

तुझी
चिमणी


२२ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र मी मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं. मिस्त्रींनी भिंतीला गाल लावला ते मला पुन्हा वाचायला लावलं. एका साहेबांनी चष्मा पुसला. मोठे साहेब मात्र म्हणाले, "छान आहे. पण गाण्यावर सही करता येत नाही. अपघात किती?" मी म्हटलं, शून्य. ते म्हणाले, "एकशे ऐंशी होऊ द्या, करतो सही."

एकोणतीस मार्च. मी कॅलेंडरवर गोल केलाय. तीस तारखेला मी स्वतः येतो तिकडे.

पाय दवाखान्यात दाखवलास की नाही ते लिहिलं नाहीस. वास येतो म्हणजे काय? उद्याच्या उद्या जा.

दादा


२८ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र वाचून झालं की फाड. किंवा नको फाडू. मला काही कळत नाही काय सांगावं.

दवाखान्यात मी एकटीच गेले, मलम आणायला. हे कामावर होते. तिथे रांगेत सगळ्या आमच्याच वस्तीतल्या बायका. पुढे क्रेनवाली होती, म्हणजे क्रेन चालवतो त्याची बायको. तिच्या पुढे साचेवाल्याची, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करतो त्याची. नर्सबाईंनी साचेवाल्याच्या बायकोला विचारलं, "कसं भाजलं?" ती म्हणाली, "गरम पाणी सांडलं माझ्या हातून. दिराच्या पायावर." वहीत लिहिलं. मग क्रेनवाली. "कसं भाजलं?" "गरम पाणी. भावाच्या पायावर." तिचा भाऊ ह्यांच्याच टोळीत आहे. लिहिलं. मग माझी पाळी. मी तोंड उघडायच्या आधीच नर्सबाई म्हणाल्या, "तुमचंही गरम पाणीच का? या वस्तीतल्या बायकांच्या हातांना लोणी लागलंय की काय? थंडी पडल्यापासून ही अकरावी."

कोणी हसलं नाही. क्रेनवालीनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. दादा, मी तशी नजर कधी बघितली नव्हती, पण मला ती कळली. कारण माझीही तीच होती.

आता ऐक. माझ्या हातून पाणी सांडलं नाही. एक थेंब नाही. हे भट्टीवरूनच तसे आले होते. ओतताना वितळलेलं लोखंड उडालं आणि बुटात गेलं. मिस्त्रींनी आणि दोघांनी उचलून मागच्या वाटेनं घरी आणलं आणि दारातच मला सांगितलं, "सूनबाई, गरम पाणी सांडलं तुमच्या हातून. काय सांडलं?" मी म्हटलं, गरम पाणी. मला शिकवल्यासारखं दोनदा वदवून घेतलं. हे म्हणाले, दादाला पण तेच लिही, त्यालाच पहिलं लिही. मला वाटलं होतं आमच्यापुरतंच आहे. एकदाच झालंय. अकरा, दादा. अकरा घरं, आणि प्रत्येक घरात एक बाई धांदरट.

घरी येऊन मी ह्यांना विचारलं, हे काय चाललंय तुमचं? मग म्हणाले, "माझ्या एका पायापायी चाळीस माणसांची गार खोली घालवू? आणि बाकीच्या चार भट्ट्या? ते लोक रोज आमच्या खिडकीतून आत बघून जातात. तुझ्या भावानं शब्द टाकलाय. त्याला तोंडघशी पाडू?"

म्हणजे हे तुझ्यासाठी चाललंय. तुझ्या आकड्यासाठी माणसं पाय लपवतायत.

आणि एक विचारते. तुझ्यावर राग म्हणून नाही, पण विचारते. आंघोळीला निघालेला माणूस मोजे घालून असतो का रे? मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मोज्याबरोबर कातडी आली म्हणून. तू ते वाचलंस आणि मला शाईच्या बाटलीची आठवण करून दिलीस.

ह्यांच्या पायाच्या दोन बोटांचा रंग बदललाय. काय करू ते सांग.

चिमणी


४ मार्च

चिमणे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. तसाच उठलो. टेबलावर माझा अहवाल टाईप होऊन पडला होता, वर मोठ्या अक्षरात शून्य.

मोज्याचं तू बरोबर बोललीस.

जावईबापूंना शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखव. बोटांचं थांबवू नकोस. पत्ता मागे लिहिलाय, माझं नाव सांग, कसं भाजलं ते विचारणार नाहीत.

आता जे लिहितोय ते नीट वाच. आज मी साहेबांना सांगितलं तर गार खोली उद्या बंद होईल. अकरा माणसं भाजली ते भाजलीच, आणि हाती काही लागणार नाही. पंचवीस दिवस राहिलेत. सही झाली की पाचही भट्ट्यांवर खोल्या होतील, मग मी स्वतः सगळं उघड करीन. तोवर सांभाळ. वस्तीत बोलू नकोस. मला ठाऊक आहे मी काय मागतोय.

दादा


१० मार्च

दादा,

तू पण?

मिस्त्रींनी सांगितलं पाणी म्हण. ह्यांनी सांगितलं पाणी म्हण. मला वाटलं, दादाला कळलं की तो धावत येईल. आणि तू पत्त्यासकट लिहून पाठवलंस, की पंचवीस दिवस पाणीच म्हण.

डॉक्टरांकडे गेलो. एक बोट काढलं. करंगळीच्या शेजारचं. दुसरं राहील म्हणाले. हे दोन दिवसांनी परत कामावर गेले. रजेच्या अर्जात काय लिहिलं? घरी गरम पाण्यानं भाजलं. आता ते कायमचं झालं, कागदावर.

बाळी बापाच्या पायाची बोटं मोजते. म्हणजे धरते एकेक. एका ठिकाणी तिचा हात अडतो, मग ती वर बघते.

मला एवढंच कळत नाही. गार खोली चांगली आहे ना? मग अपघात झाला नाही तरच ती द्यायची असं कोणी ठरवलं? माणूस तापतो म्हणून द्यायची होती ना ती? मी तुला खरा फायदा लिहिला होता. जेवतात, झोपतात, पोर अंगावर घेतात, गाणं आठवलं. तो कोणाला पुरला नाही. तुम्हाला बोर्डावरचा आकडा पाहिजे होता. मग माणसांनी आकडा दिला. मागितलंत तेच दिलं.

तू मोठ्या शाळेत शिकलास आणि मला हे कसं सुचतं, तुला का सुचत नाही?

बोर्ड एकशे एकसष्ट. मी तिकडे बघत नाही, पण दिसतो.

चिमणी


१३ मार्च

चिमणे,

सकाळी तुझं पत्र आलं. दुपारी मी अहवाल फाडला. घाईनं लिहितोय, आजच्या डाकेत पडायला हवं.

सोमवारी सोळा तारखेला मीटिंग आहे. तिथे मी अकराच्या अकरा सांगणार. आणि हेही सांगणार, की अट मी मान्य केली म्हणून हे झालं. नोकरी राहील का माहीत नाही. मीटिंग झाली की संध्याकाळच्या गाडीला बसतो.

माझं हे पत्र तुला सोमवारीच मिळेल. तोवर तू माझ्यावर चिडून असशील. चिड. तुझा हक्क आहे.

मोज्याची गोष्ट मला जन्मभर पुरेल.

तुझा दादा


१४ मार्च, सकाळ

दादा,

मी पोस्टाच्या पायरीवर बसून लिहितेय. शटर बंद आहे. बाळी मांडीवर आहे, पेन ओढतेय. समोरच्या घड्याळात सव्वाआठ झालेत. अकराच्या भोंग्याला ओततात. मला पटापट लिहू दे.

आज नळावर पाणी भरताना क्रेनवाली माझ्याजवळ आली. दवाखान्यापासून आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. ती हळूच म्हणाली, "तुमचा कुठला पाय?" मी म्हटलं, डावा. ती म्हणाली, "आमच्या भावाचा पण डावा." तेवढ्यात साचेवाल्याची बायको म्हणाली, "दिराचा पण." आम्ही तिघी बादल्या तशाच सोडून बघत राहिलो. मग क्रेनवालीनं विचारलं, "उभे कुठे होते तुमचे?" मी म्हटलं, काय माहीत, हे म्हणतात तीन नंबरला. दोघी एकदम म्हणाल्या, तीन नंबर.

दादा, ओतायचे चार खड्डे आहेत. त्यात वाळूचे साचे पुरतात आणि वरून लोखंड ओततात, एवढं मला ह्यांच्याकडून ठाऊक आहे. आमच्या तिघींची माणसं एकाच खड्ड्याशी भाजली. तीन नंबरच्या. मग साचेवाल्याची बायको पळत जाऊन आणखी चार घरी विचारून आली. चारही तीन नंबर. एकही एक नंबर नाही, दोन नाही.

मग क्रेनवाली म्हणाली, "आमचे वरून बघतात ना क्रेनमधून, ते चेष्टेनं म्हणतात, तीन नंबरची वाळू काळी दिसते, तिथं आता बेडूक येतील." मी म्हटलं, काळी म्हणजे? ती म्हणाली, "ओली."

मी विचारलं, तिथं ओलं कशानं? तिलाच ठाऊक होतं. गार खोली तीन नंबरच्या भिंतीला लागून आहे. ते गार पाण्याचं यंत्र ठेवलंय ना, दात शिवशिवतात ते, त्याचं सांडपाणी जमिनीखालच्या पाइपातून जातं. पाइप गळतो. तुझ्या गार खोलीचं पाणी, दादा, झिरपत त्या खड्ड्यात जातंय.

कढत तेलात पाण्याचा थेंब पडला तर काय होतं हे कुठल्याही बाईला विचार. आणि ते तर लोखंड.

आणि क्रेनवाली म्हणते, हे सगळं टोळीला माहीत आहे. ओतायच्या आधी गॅसच्या ज्वाळेनं वाळू सुकवतात. वरची सुकते, खालची ओलीच राहते. साहेबांना सांगत नाहीत, कारण सांगितलं तर साहेब विचारणार, तुम्हाला कसं कळलं? कोण भाजलं? मग बोर्ड शून्यावर. आणि पाणीच बंद करतील ही भीती. अरे, एक पाइप बदलायचा होता. एक पाइप! पहिला माणूस भाजला त्याच दिवशी कोणी खरं लिहिलं असतं तर दुसरा भाजला नसता.

आज ह्यांनी निघताना सांगितलं, आज मोठं ओतकाम आहे, आतापर्यंतचं सगळ्यात मोठं, अठरा टन. मी दारातून विचारलं, कुठल्या खड्ड्यात? म्हणाले, "मोठं बसतं ते एकाच खड्ड्यात. तीनमध्ये." बाळीला पापा दिला आणि लंगडत गेले. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. मी हात हलवला रे त्यांना.

नळावरून मी तशीच धावत गेटवर गेले. कारकुनानं आत घेतलं नाही. म्हटलं फोन करू द्या. तो म्हणाला, "हा फोन बायकांना घरी काय शिजवू विचारायला नाही." मी म्हटलं, तीन नंबरच्या खड्ड्यात पाणी आहे, माणसं मरतील. तो माझ्या डोक्यावरून बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाला, "एकशे पासष्ट दिवस झाले, बाई. या कारखान्यात कोणी भाजतसुद्धा नाही. तुम्ही बायकाच घरी पाणी सांडता."

माझ्याच तोंडचं मला परत दिलं त्यानं.

म्हणून मी इथे आले, तुला फोन करायला. पोस्ट दहाला उघडतं. दहापर्यंत मी इथे बसू शकत नाही. वस्तीतल्या सगळ्या गेटवर जमतायत, पट्ट्या आणि मलमाच्या डब्या घेऊन. आम्ही ओरडणार की आम्ही पाणी सांडलं नाही. आत ऐकू जाईल का माहीत नाही, भट्टीचा आवाज मोठा. क्रेनवाली म्हणते, ती गेटवर चढेल. तिला इथे बसवलं असतं, पण तिला आकडे वाचता येत नाहीत, आणि गेटवर जेवढी तोंडं असतील तेवढी कमीच.

हे पत्र तुला तीन दिवसांनी मिळून उपयोग नाही. म्हणून मी पाकीट लावत नाही. उघडंच शटरखालून आत सरकवते.

जे कोणी हे उचलून वाचत असाल त्यांना हात जोडते. डाक वाटणारे भाऊ असाल, साहेब असाल, झाडायला आलेल्या मावशी असाल. पत्राच्या मागे एक नंबर लिहिलाय. तो माझ्या भावाचा आहे, कारखान्याच्या मुख्य ऑफिसात बसतो. माझं गेटवर कोणी ऐकत नाही, पण त्यानं भट्टीवर फोन केला तर ओतकाम थांबतं. घड्याळात अकरा वाजले नसतील तर आत्ता, हातातलं काम टाकून, त्याला फोन करा. वाजले असतील तरीही करा. बाकी काही सांगत बसू नका. एवढंच म्हणा, तुमच्या बहिणीच्या हातून पाणी सांडलं नव्हतं. पाणी तीन नंबरच्या खड्ड्यात आहे. माझ्या भावाला फोन करा.